निळ्या रेषेतलं घर: पाडायच्या आधी पातळी मोजा

प्रश्न: सांगलीत कर्नाळ रस्त्याच्या बाजूला आमचा चार गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट आहे. १९८४ साली सासऱ्यांनी नगरपालिकेचा परवाना काढून त्यावर बैठं घर बांधलं. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत घरात पाणी आलं. आता भिंतींची ओल हटत नाही, म्हणून घर पाडून मुलासाठी दुमजली बांधायचं ठरवलं; तर महापालिकेत सांगितलं, जागा निळ्या पूररेषेत आहे, नवीन बांधकाम मिळणार नाही. ठेकेदार म्हणतो, आधी पाडून घेऊ, भर टाकू, मग अर्ज देऊ. ६० दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळाल्यासारखीच. दीर म्हणतात, येईल त्या किमतीला विकून मोकळं होऊ. जागा आमची, घरपट्टी आम्ही भरतो. मग कागदावरच्या रेघेने आमचा हक्क जातो कसा? आणि गेलाच तर भरपाई कोण देणार?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, सगळ्यात आधी एक तातडीची गोष्ट. घर पाडू नका. ठेकेदाराने मजूर ठरवले असतील तर आजच थांबवा. तुमच्या हातात आज जो काही हक्क आहे तो त्या जुन्या, परवाना असलेल्या घरावर उभा आहे.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे सगळे ज्याला यूडीसीपीआर म्हणतात त्यात, नदीकाठ ते निळी रेषा (ठरावीक पुराच्या पातळीची रेषा, तिचा हिशेब पुढे येतो) हा निषिद्ध पट्टा आहे. तिथे बाग, वाहनतळ, उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असल्याच गोष्टी चालतात. मात्र त्याच नियमाला जोडून एक सूट आहे: या पट्ट्यात आधीपासून असलेल्या अधिकृत बांधकामाचा पुनर्विकास करता येतो, जोत्याची पातळी लाल, म्हणजे त्याहून मोठ्या पुराच्या, रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर ठेवून. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या नियंत्रित पट्ट्यात तर नवीन बांधकामालाही हीच ०.४५ मीटरची अट आहे. काउंटरवर तुम्हाला ‘नवीन बांधकाम मिळणार नाही’ असं सांगितलं, ते मोकळ्या प्लॉटपुरतं बरोबर आहे. पण तुमचा प्लॉट मोकळा नाही. ठेकेदाराचं ऐकून तो आधी मोकळा केलात, तर तिथे काय होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल आणि हातात काहीच नसेल.

म्हणून पहिला आठवडा कागदांचा. प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा, बिगरशेती आदेश, १९८४ चा बांधकाम परवाना आणि मंजूर नकाशा, शक्य तितक्या जुन्या वर्षापासूनचे घरपट्टीचे आकारणी उतारे. सांगली, मिरज आणि कुपवाडची मिळून महापालिका १९९८ साली झाली. तुमचा परवाना त्याआधीच्या नगरपालिकेचा, त्यामुळे तो जुन्या दप्तरात शोधावा लागेल. घरातली प्रत पुरात गेली असेल तर नगररचना विभागाकडे नक्कल मागा, आणि तोंडी विचारण्यापेक्षा माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर आलं तरी पुढच्या सुनावणीत त्याचा उपयोग होतो. शिवाय वास्तुविशारदाकडून आत्ताच्या घराचा मोजमाप नकाशा काढून घ्या: चटईक्षेत्र, जोत्याची उंची, चारही बाजूंची अंतरं, तारखेसह फोटो. घरपट्टीची पावती घर तिथे होतं एवढंच दाखवते, ते अधिकृत होतं हे दाखवत नाही. विनापरवाना बांधकामावरही कर लागतो, आणि महापालिका अधिनियमाच्या २६७-अ कलमाखाली कराच्या दुपटीपर्यंत शास्तीही (दंड) लावता येते. तेव्हा पावत्यांवर सगळी भिस्त ठेवू नका, परवाना शोधा.

आता रेषेबद्दल. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, किंवा नदीच्या पात्रात काठोकाठ मावणाऱ्या विसर्गाच्या दीडपट विसर्गाची, यांतली जी जास्त असेल ती. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी लोकांची फार फसगत होते. ‘२०१९ ला येऊन गेला, आता २५ वर्षं काळजी नाही’ असा त्याचा अर्थ नाही. तुम्ही तर दोनच वर्षांत पुन्हा पाणी पाहिलंत. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी शंभरात चार शक्यता. मुलगा २० वर्षांचं गृहकर्ज काढणार असेल, तर त्या मुदतीत निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होते. ३० वर्षं धरली तर ७० टक्क्यांच्या वर. लाल रेषेच्या पुरासाठी ३० वर्षांचा हिशेब सुमारे २६ टक्के येतो. परवानगीचा विषय बाजूला ठेवला तरी हा हिशेब मुलासमोर मांडा, कारण त्या घरात राहायचं त्याला आहे.

रेषा जलसंपदा विभाग आखतो आणि महापालिका ती आपल्या नकाशावर उतरवून घेते. या उतरवण्यातच खरी गडबड असते. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर १० मीटर व्यापते. तुमचा चार गुंठ्यांचा प्लॉट, म्हणजे साधारण ४०५ चौरस मीटर, चौकोनी धरला तर बाजू २० मीटरची. म्हणजे नुसती रेघेची जाडीच अर्धा प्लॉट झाकते. नकाशाकडे बघून ‘आत आहे’ किंवा ‘बाहेर आहे’ असं कोणी सांगितलं तर त्यात एवढी ढिलाई आहे, हे ध्यानात घ्या. मुळात पूररेषा ही पातळी असते, समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये. जमिनीची पातळी त्याखाली असेल तर जागा रेषेच्या आत, वर असेल तर बाहेर. त्यामुळे वाद घालण्याआधी दोन आकडे हातात हवेत: तुमच्या प्लॉटसमोरच्या नदीच्या छेदाला (पात्र आडवं कापून मोजलेल्या ओळीला) निळ्या आणि लाल रेषेची पातळी किती, आणि तुमच्या जमिनीची पातळी किती.

पहिला आकडा पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे लेखी मागायचा. अर्जात गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक द्या, प्रॉपर्टी कार्डाबरोबरचा नकाशा जोडा, आणि ‘सर्वांत जवळच्या आडव्या छेदाची निळी व लाल पूरपातळी, तसंच त्यासाठी वापरलेला बेंचमार्क आणि त्याची पातळी’ असं स्पष्ट लिहा. बेंचमार्क, म्हणजे पातळी माहीत असलेली पक्की खूण, मागायला लोक विसरतात आणि मग त्यांची मोजणी कोणी मान्य करत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचे फूट या कामासाठी वापरू नका. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका ही त्या पुलाजवळच्या मोजपट्टीची भाषा आहे. २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं तेही त्याच पट्टीवर. नदीच्या पाण्याला उतार असतो, त्यामुळे पुलावरचा आकडा वरच्या किंवा खालच्या वस्तीला जसाच्या तसा लागू होत नाही.

दुसरा आकडा खासगी सर्वेक्षकाकडून. भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम मोजणी करून घ्याच, पण ती हद्द सांगते, पातळी सांगत नाही. पातळीसाठी ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून विभागाने दिलेल्या बेंचमार्कपासून सुरुवात करायची, प्लॉटवर यायचं आणि परत त्याच बेंचमार्कवर जाऊन फेरा मिटवायचा. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यात दोन सेंटीमीटरपर्यंतचा फरक समजण्यासारखा. दहा सेंटीमीटर आला तर पैसे देण्याआधी मोजणी पुन्हा करून घ्या. नुसत्या डीजीपीएसवर, म्हणजे उपग्रहाच्या यंत्रावर, उंची घेणाऱ्याला विचारा, ही उंची समुद्रसपाटीवर आणली आहे का. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची वेगळ्या पृष्ठभागापासून मोजलेली असते आणि आपल्या भागात दोन्हींत कित्येक दहा मीटरचा फरक पडतो. मोबाइलच्या ॲपवरची उंची तर या कामात धरायचीच नाही.

कोणत्या जागांची पातळी घ्यायची तेही लिहून द्या: प्लॉटचे चार कोपरे आणि मध्य, समोरच्या रस्त्याचा मध्य, घराचा उंबरा, जोत्याचा माथा, जवळ ओढा असेल तर त्याचा तळ, आणि भिंतीवर राहिलेल्या २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा. या खुणा मोलाच्या आहेत. रंग काढताना किंवा गिलावा करताना त्या पुसू देऊ नका, ऑइल पेंटने बारीक रेघ आणि तारीख लिहून ठेवा. त्या-त्या वर्षीची त्या छेदाची नोंदलेली पूरपातळी विभागाकडून घेऊन तुमच्या खुणेशी ताडून पाहा. दहा-पंधरा सेंटीमीटरमध्ये जुळली तर तुमची मोजणी भक्कम. अर्ध्या मीटरचा फरक निघाला तर एकतर तुमचा बेंचमार्क चुकला आहे, किंवा दोन छेदांच्या मधली रेषा अंदाजाने ओढताना घोटाळा झाला आहे. दुसरी शक्यता निघाली तर तिथे दुरुस्तीचा अर्ज टिकतो.

या मोजणीतून तीनपैकी एक चित्र निघेल. संपूर्ण प्लॉट निळ्या पातळीच्या वर निघाला तर पातळ्यांचा तक्ता जोडून रेषा दुरुस्तीसाठी पाटबंधारे विभागाकडे जा, तिथून उत्तर घेऊनच महापालिकेत जा. रेषा प्लॉटच्या मधून गेली तर ती मोजणी नकाशावर उतरवा. रहिवासासारख्या विकासयोग्य झोनमध्ये असलेल्या प्लॉटच्या पूररेषेतल्या भागाचा एफएसआय (जागेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) उरलेल्या भागावर वापरू देण्याची तरतूद यूडीसीपीआरमध्ये आहे. रस्त्याकडची १५० चौरस मीटर जागा जरी बाहेर निघाली तरी संपूर्ण ४०५ चौरस मीटरचा एफएसआय तिथे मागता येतो. अंतरं आणि उंचीचे नियम सांभाळून तो किती मावतो हे वास्तुविशारद सांगेल. आणि सगळाच प्लॉट खाली निघाला, तर पुनर्विकासाची सूट.

त्या तिसऱ्या प्रकारात घर कसं बांधायचं ते नीट समजून घ्या, कारण भर टाकण्याचा सल्ला इथेच घातक ठरतो. उदाहरणादाखल धरू की तुमची जमीन लाल पातळीच्या १.६० मीटर खाली आहे. जोतं हवं १.६० अधिक ०.४५, म्हणजे जमिनीपासून २.०५ मीटर. सगळा प्लॉट एवढा भरायचा तर सुमारे ८३० घनमीटर, म्हणजे २९० ब्रासच्या वर मुरूम लागेल, आणि हे दबाईनंतरचं माप आहे. दोन ब्रासच्या गाडीने दीडशेच्या आसपास खेपा झाल्या. त्याची रॉयल्टी, दबाई, बाजूंच्या धारक भिंती वेगळ्या. एवढं करून खालची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि तिच्यावरची ताजी भर वर्षानुवर्षं बसत राहते. फरशी खचते, मग भिंतींना तिरक्या भेगा जातात. त्याहून वाईट म्हणजे तुमच्या प्लॉटवर जे पाणी पसरलं असतं ते शेजाऱ्याच्या घरात जातं, आणि ओढ्याचा मार्ग अडला तर पूर ओसरतानाही गल्ली तुंबून राहते. सखल वस्त्यांत एकाने भर टाकली की दुसऱ्याला टाकावी लागते आणि शेवटी रस्ताच नाला होतो. भर टाकू नका.

घर खांबांवर उचला. तसंही खाली गाडी लावायची तर २.४ मीटर मोकळी उंची सोयीची, म्हणजे अट आपोआप पुरी होते. आधी माती परीक्षण: दोन बोअर, खालच्या कठीण मुरमापर्यंत. काळ्या मातीचा थर जाड असेल तर उघड्या पायापेक्षा अंडर-रीम पाइल (खाली फुगवटा असलेले, जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) बरे पडतात. खालचा मजला उघडा आणि वर भिंतींचा भार, अशी इमारत भूकंपात खालीच मोडते. कोयनेचा १९६७ चा भूकंप लक्षात ठेवून आपल्या जिल्ह्यांत याकडे दुर्लक्ष करू नये. संरचना अभियंत्याला तळमजल्यात आरसीसीच्या कातर भिंती (भूकंपाचा आडवा धक्का झेलणाऱ्या शिअर वॉल) द्यायला सांगा आणि त्या शक्यतो प्रवाहाच्या दिशेला समांतर ठेवा, म्हणजे पाण्याला आणि वाहून येणाऱ्या ओंडक्यांना त्या आडव्या येत नाहीत.

खालचा मजला पुढे कधीही बंद करू नका, भाड्याने गोदामाला तर मुळीच नाही. परवानगीचा भंग होतो हे एक. दुसरं कारण पाण्याचा दाब. एक मीटर पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला अर्धा टन रेटा देतं. दोन मीटर पाणी दुप्पट नाही, चौपट देतं: दोन टन. नऊ इंची विटांची भिंत हे सहन करत नाही. जिन्याभोवती भिंत लागणारच असेल तर जमिनीलगत जाळीची भोकं ठेवा, पाणी आतही तेवढंच चढू द्या, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो.

विजेचा मीटर आणि मुख्य बोर्ड वरच्या जोत्यावर. खालच्या दिव्यांचं सर्किट वेगळं, म्हणजे पाणी वाढायला लागलं की तेवढंच बंद करता येईल. ड्रेनेजच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि दर मे महिन्यात तो उघडून साफ करा, कारण गाळ अडकलेला व्हॉल्व्ह मिटत नाही आणि पुराचं पाणी संडासातून वर येतं. जमिनीखालची टाकी पुराआधी रिकामी करण्याची चूक बरेच जण करतात. दोन बाय दोन बाय दीड मीटरची रिकामी टाकी भिजलेल्या जमिनीत सहा टनांच्या जोराने वर उचलली जाते, आणि तडकते. ती भरून, झाकण घट्ट करून ठेवायची. सेप्टिक टँकचंही तसंच, पावसाळ्याच्या तोंडावर उपसा करू नका.

आता ठेकेदाराच्या ६० दिवसांबद्दल. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या ४५व्या कलमात मानीव, म्हणजे मिळाल्याचं धरून चालायची, परवानगी आहे खरी, पण प्रस्ताव विकास योजना आणि नियमावलीला धरून असेल तरच. निषिद्ध पट्ट्यात भर टाकून बांधलेल्या घराला ती मिळत नाही. मिळते ती ५३व्या कलमाखालची पाडण्याची नोटीस. ‘एकदा उभं राहिलं की कोण पाडतंय’ हेही खरं मानू नका. केरळात कोचीजवळ मरडू इथे चार गृहसंकुलं किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून उभी होती. स्थानिक पंचायतीचे बांधकाम परवाने त्यांच्याकडे होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी ती स्फोटकांनी पाडली गेली, आणि घरमालकांच्या पदरात पडली ती २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई. तुमची परवानगी नाकारली गेली तर नकार लेखी घ्या आणि ४७व्या कलमाखाली ४० दिवसांच्या आत राज्य शासनाकडे अपील करा. मुदत नकार हाती आल्यापासून मोजली जाते, म्हणून पाकिटासकट तारीख जपा. त्यापुढे रिट याचिकेची वेळ आलीच तर मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सांगली, सातारा दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत.

हक्काचा तुमचा प्रश्न रास्त आहे. रेषेने मालकी जात नाही. प्रॉपर्टी कार्डावर नाव तुमचंच राहतं, विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, वारसांना देण्याचा हक्क राहतो. मर्यादा येते ती वापरावर. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून निघून ३००-अ कलमात आला: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. पूररेषा जमीन काढून घेत नाही, म्हणून २०१३ च्या भूसंपादन कायद्याची भरपाई तिला लागू होत नाही. सांगलीत बरेच जण वर सांगितलेल्या नगररचना अधिनियमाच्या १२७व्या कलमाची खरेदी नोटीस द्यायला निघतात. ते कलम आरक्षित जमिनीसाठी आहे: विकास योजना लागू होऊन १० वर्षांत आरक्षणाची जागा ताब्यात घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यायची. पूररेषा म्हणजे आरक्षण नव्हे. पण झोन दाखला काढून एकदा खात्री करा; त्याच जागेवर बागेचं वगैरे आरक्षणही असेल तर मात्र हा रस्ता उघडतो. एवढ्या मोठ्या निर्बंधाबद्दल मालकाला काहीच मिळू नये हे आम्हाला न्याय्य वाटत नाही. पूर कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या फुगवट्याने वाढतो की वरच्या धरणांच्या विसर्गाने, हा वाद दोन राज्यांत चालू आहे आणि त्याचा भार नदीकाठच्या कुटुंबांवर पडतो. निदान निषिद्ध पट्ट्यातल्या घरांना पर्यायी जागा मिळावी ही मागणी वस्तीने मिळून लावून धरायला हवी. पण ती मान्य होईपर्यंत तुमचं घर आजच्या नियमातच बसवावं लागेल.

नुकसानीपुरतं सांगायचं तर पुरानंतरचं सानुग्रह अनुदान ही मदत असते, तिने घर उभं राहत नाही. विमा घ्या. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच अटींची पॉलिसी आहे, पूर त्यात येतो. रक्कम जागेच्या किमतीवर नाही, घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरवा. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. मे महिन्यापूर्वी घ्या.

दिरांना मात्र घाई करू देऊ नका. आज ‘निळ्या रेषेतला प्लॉट’ म्हणून लोक भाव पाडून मागतील. पातळ्यांचा तक्ता, जुना परवाना आणि रेषा उतरवलेला मोजणी नकाशा हाती असेल तर तीच जागा ‘पुनर्विकासाला पात्र अधिकृत घर’ म्हणून विकता येते. विकायचीच ठरली तर पूररेषेची गोष्ट खरेदीखतात लिहा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५व्या कलमाप्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत न दिसणारा दोष सांगणं बंधनकारक आहे. लपवलात तर पहिल्याच पुरानंतर तो माणूस तुमच्या दारात उभा राहील, आणि कायदा त्याच्या बाजूने असेल.

पाटबंधारे विभागाचा अर्ज आणि माहिती अधिकाराचा अर्ज एकाच दिवशी द्या, दोन्हींची पोच घ्या. पातळीची मोजणी मात्र विभागाचा बेंचमार्क हाती आल्यावरच.